तसं कलम नाही

आमच्या ऑफिसात माझ्या जिभेला सगळे वचकून असतात. असू देत. त्याच जिभेला कुलूप लावायची वेळ आली तेव्हा मात्र माझा जीव टांगणीला लागला.

काम सांगते. शेअरबाजारावर नजर ठेवणारं सरकारी ऑफिस आमचं. परदेशातल्या शेअरदलाल कंपनीला आपल्याकडे शाखा चालवायची असेल, तर आम्ही एकच गोष्ट बघतो: तिच्या देशाचा कायदा गिऱ्हाइकाला आपल्याइतकंच सांभाळतो का? सांभाळत असेल तर त्या कायद्याला मान्यता द्यायची, मग कंपनीने तिच्या देशाचे नियम पाळले तरी आम्हाला चालतात. नसेल तर तात्पुरत्या परवान्यावर चाललेल्या शाखेला टाळं. असल्या एका देशाची फाइल माझ्याकडे होती. मग तिथल्याच एका कंपनीच्या शाखेत माझा धाकटा भाऊ नोकरीला लागला आणि मी आपणहून सांगितलं, फाइल काढून घ्या. नियमच आहे. नातं असेल तर त्या फाइलबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

फाइल गेली समोरच्या टेबलावर, रकानेमहाराजांकडे. माणूस सज्जन, पण डाव्या रकान्यात आपलं कलम, उजव्या रकान्यात त्यांचं कलम, एवढंच त्याचं जग. एक दिवस चहा पिता पिता तो म्हणाला, "यांच्याकडे गिऱ्हाइकाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचं कलमच नाही हो. मी त्यांच्या सरकारला विचारलं, तर तसं कलम नाही असं सरळ उत्तर आलं. कसली मान्यता देणार? परवाच्या बैठकीत नकार मांडतो."

मी कप खाली ठेवला. अरे शहाण्या, कलम असेल कशाला? त्या देशात दलालाला गिऱ्हाइकाच्या पैशाला हात लावायचीच बंदी आहे. पैसे गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या बँकेत राहतात, सौदा झाला की तिथूनच परस्पर जातात. दलालाकडे पैसे येतच नाहीत, तर वेगळं काय ठेवणार, कपाळ? आपल्यापेक्षा कडक कायदा, आणि हा त्यापुढे 'नाही' लिहून मोकळा. हे सगळं मी मनात म्हटलं. बोलले असते तर बहिणीची वकिली ठरली असती. तोंडाने एवढंच म्हणाले, "साखर कमी आहे," आणि उठले.

संध्याकाळी टिल्लू जेवायला आला. माझा भाऊ पन्नाशीला टेकलाय, पण मला टिल्लूच. आधीची कंपनी बुडाल्यावर हा दोन वर्षं घरी बसला होता. दाढी वाढवून खिडकीशी बसायचा, माझाही फोन उचलायचा नाही. ही नोकरी लागली आणि माझा भाऊ मला परत मिळाला. इस्त्रीचा शर्ट घालतो, फालतू विनोद करतो आणि स्वतःच हसतो.

"ताई, मान्यता मिळणार नाही अशी आमच्या ऑफिसात कुजबुज आहे," तो म्हणाला.

"मला विचारू नकोस."

"विचारत नाही. तुझा चेहरा बघतोय. लहानपणी माझं गणित चुकलं की तू असंच तोंड करायचीस. कोणाचं तरी गणित चुकलंय."

"गप जेव."

"मी तिथे नसतो तर बोलली असतीस?"

"टिल्लू, आता एक शब्द काढलास तर ताट उचलीन."

तो हसला आणि आणखी भात वाढून घेतला. मला वाटलं, विषय संपला. मूर्ख मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन. "राजीनामा दिला. त्यांनी आजच मोकळं केलं. तिथे आता तुझं कोणी नाही. बोल."

मी त्याला वाट्टेल ते बोलले. "गाढवा, विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"जन्मात नाही."

"म्हणून नाही विचारलं. ताई, शाखेत माझ्याशिवाय बरीच माणसं आहेत गं. एकाची आई अंथरुणाला खिळलीय, एकीचं बाळ अजून रांगत नाही. माझी एक खुर्ची जाईल. नाहीतर सगळ्यांच्या गेल्या असत्या."

मी तशीच मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या साहेबांकडे गेले. आधी राजीनाम्याचं सांगितलं, मग कायद्याचं. बाईंनी रकानेमहाराजांना बोलावलं. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा पडत गेला. बिचाऱ्याने तिथेच बसून तक्ता दुरुस्त केला. बाहेर आल्यावर हळूच म्हणाला, "तुम्हाला कालच माहीत होतं?"

"साखर खरंच कमी होती," मी म्हटलं. त्याने मान खाली घातली.

मान्यता मिळाली. मी बाईंना विचारलं, आता माझ्या भावाला तिथे परत घेतलं तर?  त्या म्हणाल्या, "तो परत गेला तर राजीनामा नाटक ठरेल. मग तुमचं म्हणणंही नाटक, आणि मान्यताही. शाखा पुन्हा टांगणीला लागेल." त्यांचं काही चुकत नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग आला.

रविवारी मी टिल्लूकडे गेले. जिना चढायला लागले. डोळ्यांसमोर ती खिडकी आणि ती दाढी. दार त्यानेच उघडलं. गुळगुळीत दाढी केलेली, कडक इस्त्रीचा शर्ट.

"कुठे निघालास?"

"कुठे नाही गं. तू येणार होतीस ना, घाबरली असतीस."

मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग मला रडू आवरेना.