माइक बंद झाल्यावर

"आसावरीताई, ती शेवटची वाक्यं डिलीट करा. 'अस्पष्ट' लिहा आणि पाठवून द्या," प्रीता फोनवर म्हणाली.

"अस्पष्ट कुठे होतं? मला शब्द न् शब्द ऐकू आला."

आसावरी अमेरिकेतल्या चँडलर गावातल्या आपल्या घरी बसून वॉशिंग्टनमधल्या संसदीय समित्यांच्या सुनावण्या टाइप करायची. लग्नाआधी ती नागपूरच्या विधान भवनात लघुलेखक होती. प्रीता तिची सुपरवायझर, वयाने पंधरा वर्षांनी लहान.

आजची सुनावणी युद्धात सापडलेल्या एका मित्रदेशाबद्दल होती. तिथे निवडणुका होत नाहीत, मग आपण शस्त्रं का द्यायची, असा सदस्यांनी धोशाच लावला होता. अमेरिकेचे संरक्षणमंत्री सकाळी म्हणाले, बॉम्ब पडत असताना मतदान अशक्य आहे. मदतीचं विधेयक अडणार असं दिसताच तासाभरात तेच म्हणाले, नव्वद दिवसांत त्यांना तारीख जाहीर करायला लावू. त्यांच्या शेजारी त्या देशातल्या एका गावची निवडणूक अधिकारी बसली होती. साक्षीसाठी मुद्दाम बोलावलेली. तिला कुणी विचारलंही नाही.

शेवटी अध्यक्ष तिच्याकडे वळले. "मतदान घेता येईल? हो की नाही?"

"माझ्या यादीत तीन हजार नावं आहेत," दुभाष्याने तिचं बोलणं सांगायला सुरुवात केली.

"वेळ संपला," अध्यक्ष म्हणाले. तिचा माइक बंद झाला.

बाई थांबली नाही. दुभाष्याची वेगळी लाइन आसावरीच्या हेडफोनमध्ये चालूच होती. "त्यातले किती जिवंत आहेत, मला माहीत नाही. प्रेत सापडल्याशिवाय नाव खोडता येत नाही. माझ्या मुलीचंही नाव त्यात आहे."

तेवढ्यात अध्यक्ष मागे रेलून कुणाला तरी म्हणाले, "लंचला काय मागवायचं, यावर तरी मतदान घेऊ या." सगळे हसले.

"माइक बंद म्हणजे रेकॉर्ड बंद, ताई. रूल आहे," प्रीता फोनवर म्हणाली.

"मग अध्यक्षांचा तो लंचचा विनोद? तोही माइकवर नव्हता. पुढे कंसात 'हशा'सुद्धा लिहिलाय. तो काढू?"

प्रीता हळूच म्हणाली, "तो राहू दे. प्लीज, वाद नको. क्लायंट मोठा आहे."

"सभागृहात बोललेलं खोडायचं तर अध्यक्षांनी, तेही उघडपणे सांगून. लिहिणाऱ्याने नाही. मी नागपूरला हेच शिकले. ऐकू आलेल्या बाईला मी मुकी करणार नाही, प्रीता."

आसावरीने सगळं होतं तसं पाठवलं. चूक एकही नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिचं लॉगिन उघडलं नाही. आठवड्याने कामकाज प्रसिद्ध झालं. बाईच्या नावापुढे 'अस्पष्ट' आणि खाली तो विनोद, हशासकट. आसावरीने साक्षीदारांच्या यादीतून त्या बाईचा ईमेल शोधला आणि तिची वाक्यं तिला जशीच्या तशी पाठवली. नोंदीत ती नाहीत, पण मी ऐकली आहेत, असंही लिहिलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. मोडक्या इंग्रजीत दोन ओळी. मुलीचं नाव सांगायचं राहून गेलं. लिदिया.

आसावरीने वहीचं कोरं पान उघडलं, वर तारीख घातली आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात ते नाव लिहिलं.