तिसरा कंदील

चटईवर एकूण एक्केचाळीस सीड्या होत्या. सदतीस डब्यांत, तीन नुसत्या पिशव्यांत आणि एक कशातच नाही. ती बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात सुईदोऱ्याबरोबर सापडली होती. नाजिहाने त्यांचे चार ढीग केले. पुरे झालेले गेम, निम्म्याहून जास्त झालेले, जेमतेम सुरू केलेले आणि उघडलेच नसलेले. पहिल्या ढिगात तीन होते.

"तीनच?" ती म्हणाली. "अबाह, पंधरा वर्षांत तीन?"

"मग व्हॅन कोण चालवत होतं?" तिचा बाप रिदुआन म्हणाला. "तुझी आजी?"

"व्हॅन दुपारी बंद व्हायची. त्यानंतर तुम्ही आणि टीव्ही. मला आठवतं ना." तिने एक डबा उचलून त्याच्या नाकासमोर धरला. "हा बघा. यात शेवटचा राक्षस तेवढा राहिलाय. आणि यात तर नुसतं दार उघडून आत जायचंय. का नाही गेलात आत?"

रिदुआनने डबा घेऊन परत ढिगावर ठेवला. गेम शेवटाला आला की त्याचे हात जड व्हायचे. तेवढ्यात गुरुवार यायचा, रात्रीच्या बाजारात गेम विकणाऱ्या आह सेंगच्या टेबलावर नव्या चित्रांचे डबे मांडलेले असायचे, आणि जुन्या गेमचं दार तसंच बंद राहायचं.

"राहिले अडतीस," नाजिहा म्हणाली.

तिची आई रोहाया स्वयंपाकघराच्या दारात मांडीवर परात घेऊन सुक्या मासळीची डोकी खुडत बसली होती. "आणि तपासणी?" तिने मान वर न करता विचारलं.

बापलेकीने पुन्हा सगळे ढीग नीट केले.

रिदुआन ताइपिंगमध्ये एकोणीस वर्षं शाळेच्या मुलांची व्हॅन चालवत होता. गेल्या वर्षी एका लख्ख सकाळी त्याने रस्त्याच्या कडेला उभी असलेली नारळीभाताची हातगाडी उडवली. विकणारी बाई नळावर गेली होती म्हणून वाचली. पोलिसाने विचारलं, गाडी उशिरा दिसली का? रिदुआन म्हणाला, दिसलीच नाही.

डॉक्टर शांतिनीने त्याला समजावून सांगितलं. त्याच्या डोळ्यांतलं दिसणं कडेकडेने विझत आत येत होतं, मधलं सगळ्यात शेवटी जाणार होतं. निरोगी डोळ्याला या कडेपासून त्या कडेपर्यंत साधारण दीडशे अंश दिसतं. त्याला चौदा दिसत होतं. औषध नव्हतं. त्याच्या वडिलांनाही दिवेलागणीनंतर दिसत नसे. गावात त्याला कोंबडीचं आंधळेपण म्हणत, कारण कोंबड्याही संध्याकाळी तशाच भिंतीच्या कडेकडेने चालतात. लोक हसत, वडीलही हसत. तो आजार आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"मुलं किती?" डॉक्टरने विचारलं होतं.

"एक. मुलगी. वीस वर्षांची."

"तिला घेऊन या. तुमच्यासारख्या घरात निम्मी शक्यता असते. जितक्या लवकर कळेल तितकं बरं. ती गाडी चालवते का?"

नाजिहा मोटारसायकल चालवत होती. दिवसा तंत्रनिकेतनात शिकायची, संध्याकाळी पेट्रोल पंपावर काम करायची आणि अंधार पडल्यावर घरी यायची. दोनदा पडली होती. दोन्ही वेळा म्हणाली, खड्डा होता.

रोहाया दुसऱ्याच दिवशी नाजिहाला तपासणीला घेऊन जायला निघाली होती. रिदुआनच्या तोंडून निघून गेलं, "आधी एवढे गेम संपवतो, मग जाऊ." हे वेडगळ आहे हे त्याला बोलता बोलताच कळलं. पण नाजिहाने ते लगेच उचलून धरलं. "हो माक, अबाहना दिसतंय तोवर हे उरकू. मला काय घाई आहे? मला सगळं दिसतं." आणि नवरा आणि मुलगी एका बाजूला झाली की रोहायाचं त्या घरात कधीच काही चाललं नव्हतं.

खेळायचं कसं, हाही प्रश्नच होता. रिदुआनच्या उरलेल्या दृष्टीत अख्खा टीव्ही मावत नव्हता. नायक दिसायचा, पण त्याच्या अंगावर धावून येणारं काही दिसायचं नाही. मग त्याने खुर्ची मागे नेली. लांब गेलं की टीव्ही लहान होतो आणि उरलेल्या भोकात बरोबर बसतो. हा शोध त्याचा त्याला लागला, आणि कित्येक महिन्यांत त्याला आनंद झाला असेल तर तेवढ्यापुरताच. पुढचा हिशेब सरळ होता. भोक लहान झालं की खुर्ची मागे. आधी सोफा गेला. मग जेवणाचं टेबल भिंतीला लागलं. हाजी सणाच्या, म्हणजे बकरी ईदच्या, सुमाराला खुर्ची स्वयंपाकघरात पोचली.

"आणखी मागे गेलात तर शेगडीवर बसाल, अबांग," रोहाया म्हणाली.

"मग परतून काढ मला. मिरची बेताने."

"मिरचीने तरी काय होणार आहे? तुमच्यासारख्याला मुरवायलाच वर्ष लागेल."

एवढ्या लांबून अक्षरं वाचता येत नसत. म्हणून नाजिहा पुढे चटईवर बसून वाचून दाखवायची. "म्हातारा म्हणतोय, किल्ली विहिरीत आहे. पुढे त्याचं नुसतं रडगाणं आहे, ते सोडते. हां, आता विचारतोय, माझ्या मुलाला पाहिलंस का? हो म्हणू की नाही?"

"पाहिलाय का आपण?"

"आपणच मारलाय, अबाह. मागच्या पुलावर."

"मग नाही म्हण."

असं करत करत पाच झाले, दहा झाले, वीस झाले. गेम संपला की संगीत वाजायचं आणि तो बनवणाऱ्यांची नावं पडद्यावरून वर सरकायची. शेवटाला पोचल्यावर काहीतरी वाटेल असं रिदुआनला वाटलं होतं. वाटायची ती फक्त भीती. पहिला ढीग वाढला की उरलेले कमी व्हायचे, आणि ते संपले की जायचं कबूल केलेलं होतं. तो मुद्दाम हळू खेळू लागला. गावातल्या प्रत्येक माणसाशी बोलायचा, प्रत्येक मडकं फोडून बघायचा. मग एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की पुढचा गेम निवडताना नाजिहा नेहमी सगळ्यात लांबलचक गेमच काढते आहे. तो म्हणाला, हाच लाव.

एका रविवारी आह सेंग आला. रात्रीच्या बाजारातलं टेबल त्याने केव्हाच बंद केलं होतं. आता बसस्थानकाजवळ मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, तेही तो आवरत होता. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून बाहेरच्या खोलीतला टीव्ही बघणारा रिदुआन पाहून तो दारातच थबकला.

"हे काय रे? बायकोने वाळीत टाकलं?"

"इथून छान दिसतं."

"किती संपवलेस?"

"अडतीसांतले सव्वीस," नाजिहाने चटईवरून सांगितलं.

"नाव खराब केलंस तू माझं!" आह सेंग म्हणाला. "मी गिऱ्हाईक बघून माल विकायचो. गेम संपवणारी माणसं मला परवडायची नाहीत. त्यांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं आणि ती परत येत नाहीत. तू म्हणजे माझं सोनं होतास." त्याने पिशवीतून सहा सीड्या काढून चटईवर ठेवल्या. "घे. दुकान आवरताना निघाल्या. फुकट."

रोहाया चहा घेऊन आली होती. तिने पेला खाली ठेवला. "उचल त्या, आह सेंग."

"अगं, पैसे नकोत मला..."

"उचल म्हणते ना. हे गेम संपले की पोरीचे डोळे तपासायला न्यायचं ठरलंय. सात महिने मी यांचे ढीग मोजतेय. तू आणखी सहा आणलेस."

आह सेंगने रिदुआनकडे पाहिलं, मग नाजिहाकडे. नाजिहा कंट्रोलरची वायर बोटाला गुंडाळत होती. त्याने सीड्या एकेक करून परत पिशवीत भरल्या, चहा उभ्याने प्यायला आणि बूट घालताना म्हणाला, "मला माहीत नव्हतं, ताई. खरंच."

त्यानंतर आठवडाभरात आणखी एक गेम संपला. राहिलेल्यांपैकी एक डबा अजून प्लास्टिकच्या वेष्टनातच होता. नाजिहाची त्या दिवशी पंपावर सुट्टी होती. सूर्यास्ताची, मगरिबची बांग होऊन गेली होती. टीव्हीवर चमक पडू नये म्हणून दिवे घालवले होते. सीडी आत गेली आणि गेम सुरू होण्याआधी पूर्ण काळा पडदा आला.

"तीन कंदील काढलेत," नाजिहा म्हणाली. "खाली लिहिलंय, पहिला कंदील स्पष्ट दिसला पाहिजे, दुसरा अंधूक, तिसरा जेमतेम. तसं होईपर्यंत उजेड वाढवा."

उजेड ठरवायचं असलं पान बहुतेक गेममध्ये असतं. त्या घरात ते कुणी कधी वाचलं नव्हतं. उजेड शेवटापर्यंत नेऊन ठेवायचा, हा नाजिहा पाच वर्षांची असल्यापासूनचा रिवाज होता. बापलेकीला एकसारखं आवडतं याचं तेव्हा रिदुआनला कौतुक वाटायचं.

"वाढव मग," तो म्हणाला.

कंट्रोलरची टकटक सुरू झाली. "पहिला आहे. दुसरा आला." टकटक. "तिसरा नाही." टकटक, टकटक. "आता तर पुढे जातच नाही, संपलं. तिसरा नाहीच दिसत."

"टीव्ही जुना झालाय."

"हो. टीव्हीच."

रोहाया वाळलेले कपडे हातावर घेऊन गॅलरीतून आत आली. "अंधारात काय शोधताय दोघं?"

"तिसरा कंदील."

"तो काय," रोहाया म्हणाली.

"कुठे?"

"तो काय तिथे. बाकीच्या दोघांच्या पलीकडे. चांगला दिसतोय की. कडीसुद्धा दिसतेय त्याची."

"माक, गंमत करू नको."

रोहायाने कपडे खुर्चीवर टाकले, पुढे गेली आणि टीव्हीच्या काचेवर बोट टेकवलं. नाजिहा गुडघ्यांवर सरकत पुढे आली. तिने चेहरा इतका जवळ नेला की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. तिने ती बाहीने पुसली.

"इथे?"

"इथेच. माझ्या बोटाखाली."

"इथे काही नाहीये, माक."

रोहायाने बोट काढलं नाही. जणू ते काढलं तर कंदीलही जाईल. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून रिदुआनला त्याच्या भोकात सगळं काही नीट मावलेलं दिसत होतं, बायकोचं बोट, मुलीचा चेहरा आणि दोघींच्या मधला काळा पडदा. त्याला स्वतःला तर एकच कंदील दिसत होता. त्याचं त्याला काही नव्हतं.

"बंद कर, जिहा," तो म्हणाला.

"अजून अकरा राहिलेत, अबाह."

"बंद कर."

तिने टीव्ही बंद केला आणि उठली. खोलीत आता काहीच उजेड नव्हता. तिच्या हाताचा भिंतीला घासत जाण्याचा आवाज त्याने ऐकला, दिव्याच्या बटणापर्यंत. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. त्याचे वडील असेच परसातून घरात यायचे.

तपासणीची तारीख रोहायाने घेतली. दवाखान्यात नाजिहाला एका अंधाऱ्या खोलीत नेलं. मशीन चालवणारा तरुण मुलगा हसतमुख होता. "या पोकळ अर्ध्या गोळ्यात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडेच बघायचं. कडेने एक छोटा दिवा येईल. दिसला की बटण दाबायचं. बस्स."

"मेले तर पुन्हा सुरुवातीपासून का?" नाजिहाने विचारलं.

तो हसला. "थकलीस तर थांबू." मग तो रिदुआनकडे वळला. "पाक चिक, तुम्ही दोघं इथे दाराजवळ बसा. फक्त बोलू नका."

दिवे गेले. मशीनची बारीक घरघर सुरू झाली. दिवा कडेकडून मध्याकडे सरकताना ती घरघर येते, हे रिदुआनला स्वतःच्या तपासण्यांवरून माहीत होतं. टिक. बटण दाबल्याचा आवाज आला. पुन्हा घरघर. टिक. मग घरघर सुरू झाली आणि टिक आलंच नाही. दिवा होता. रिदुआनचा अंगठा आपोआप गुडघ्यावर दाबला गेला, एकदा, मग पुन्हा. आता, जिहा. आता. रोहायाने त्याचं मनगट धरलं. घरघर चालूच राहिली. शेवटी टिक आलं.

मग दुसऱ्या बाजूने घरघर सुरू झाली.

डॉक्टर शांतिनीच्या खोलीत खुर्च्या दोनच होत्या. नाजिहा उभी राहिली. डॉक्टरने कागद पाहिला, उलटा केला, परत सुलटा केला.

"मी मोटारसायकल चालवू शकते ना?" नाजिहाने विचारलं. "रात्रीची नाही म्हणत. दिवसाची."

"आधी आकडे सांगते," डॉक्टर म्हणाली. "दीडशेपैकी उजवा डोळा एकशे चार अंश. डावा अठ्ठ्याण्णव."