नट थांबला की हात

"बसा, टोपल्यांसकट बसा," जीपखालून देवूचा आवाज आला. "काठावर टेकू नका. बाजाराला जाताना बसता तशा बसा."

हंसानं टोपली आत ढकलली, जमुनेला सरकायला लावलं आणि ती धपकन बसली. जीप मागनं दबली. हंसा आली तेव्हा कुठं गाडी जमिनीला लागली, असं देवू खालून म्हणाला आणि वर हशा पिकला. हंसा काय उत्तर द्यायची राहते? तुझी बायको काय कापसाची हाय का, म्हणून तिनं विचारलं. देवूची बायको जिवली मात्र मासळीच्या बर्फावरचं गोणपाट नीट करून शेवटच्या जागेवर चढून बसली.

मुंबईचं नव्हे, इथलं किनाऱ्यावरचं माहीम. तिथून येताना पालघरच्या तोंडाशीच देवूची पत्र्याची शेड होती. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघालं, बोईसरला माणसांची रीघ लागली, तसा माहीमच्या कोळणींचा बाजारही तिकडे सरकला. कृष्णकांतशेठनं वाडीतली केळी न्यायला घेतलेली जीप मग रोज सकाळी या बायकांनाच नेऊ लागली. एवढी माणसं, मासळी, बर्फ, आणि वर तो रस्ता. मागचे कमानपाटे, गाडीचं ओझं पेलणाऱ्या त्या वाकड्या पोलादी पट्ट्या, दबून बसले नसते तरच नवल. शेठनं मुंबईच्या बाजारातून नवे आणले होते, एक पट्टी जास्त असलेले. कंपनीचे नव्हते, पण देवूनं ते वाजवून पाहिले होते आणि पोलादाला नाव ठेवायला जागा नव्हती.

पाटे बसवायची देवूची एक रीत होती. गाडी जॅकवर उचलून पाटे चढवायचे, नट नुसते लावून ठेवायचे. शेवटचा आवळ द्यायचा तो गाडी चाकांवर उतरवून आणि तिच्यावर रोजचं ओझं घालून. पाट्याच्या टोकाला वळवलेल्या कानात रबराचा नळीसारखा बुश असतो. गाडी अधांतरी असताना बोल्ट आवळला की रबर तसंच पकडलं जातं, आणि मग ओझं आल्यावर बिचारं कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकरच फाटतं. दुसरे मिस्त्री फार तर सिमेंटच्या गोणी टाकत. देवू बायकांनाच बसवायचा. ज्या रोज बसणार त्यांच्याच वजनावर गाडी बेतावी, असं त्याचं म्हणणं. कोळणींनाही ते अंगवळणी पडलं होतं. तेवढ्या वेळात त्या पान लावून घेत, जुनी भांडणं मिटवत आणि नवी सुरू करत.

कोळ्याच्या पोटी जन्मून देवूला होडी लागायची. बापानं त्याच्या ओकाऱ्या काही दिवस पाहिल्या आणि हात टेकून त्याला मुंबईला एका गॅरेजात लावून दिलं. तिथं लोखंडावर त्याचा हात बसला. नट किती आवळायचा हे त्याला कुणी आकड्यात सांगितलं नव्हतं. पाना ओढता ओढता एक क्षण येतो, नट जागा धरतो. त्याच्या अलीकडे सोडला तर ढिला, पलीकडे ओढला तर बोल्ट ताणला. तो क्षण देवूला मनगटात कळायचा. पुढच्या नाक्यावरचा बळवंत मिस्त्री पान्याला हातभर पाइप अडकवून ओढायचा, त्यावरून देवू त्याची यथेच्छ टिंगल करायचा.

पण या पावसाळ्यापासून देवूचा उजवा हात त्याचं ऐकेनासा झाला होता. आधी मुंग्या आल्या, मग घास हातातून सुटायला लागला. चहाचा कप फुटला तेव्हा हाताला ऑइल होतं, असं त्यानं जिवलीला सांगितलं. तिनं तुकडे गोळा केले, विचारलं काही नाही. मानेतली शीर दबली आहे, इतकी वर्षं मान वाकडी करून गाड्यांखाली पडलात त्याचं हे फळ, असं डॉक्टर म्हणाले होते. ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही. हलकीसलकी कामं निभत होती. पाटा एक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट मात्र हलकं काम नव्हे. ते ढिले राहिले तर पाटा सरकतो, एक्सल सरकतो आणि गाडी मनाला येईल तिकडे जाते.

आज जीपखाली नट त्यानं समोरासमोरचे जोडीनं घेतले, थोडा हा, थोडा तो. शेवटच्या फेरीला पाना अडला. त्यानं पुन्हा ओढला, हलला नाही. नट थांबला की हात थांबला, हे त्याला कळेना. डाव्या हातानं जोर लावायला तिथं कोपर टेकण्यापुरतीही जागा नव्हती. पाइप लावावा असंही मनात येऊन गेलं. पण पाइपनं जोर मिळतो, कळत काहीच नाही, आणि त्याच्या उजव्या हाताचं तर कळणंच गेलं होतं. देवू तसाच पडून राहिला. त्याला भीती वाटली.

कृष्णकांतशेठ भला माणूस, पण ऊन चढत होतं आणि बर्फ पाझरत होता. गाडीशेजारी उभ्या शेठनं वाकून विचारलं, "झालं का रे देवू?"

"झालं," देवू म्हणाला.

तोंडातून गेलं खरं. तो बाहेर सरकला, अंग झटकून उभा राहिला. शेठनं इंजिन सुरू केलं. बायका टोपल्यांवर हात ठेवून, बोलत बसल्या होत्या. गाडी नीट आहे का, असं त्यांच्यातल्या एकीनंही विचारलं नव्हतं. देवूनं पाटे बसवले म्हणजे बसवले. तेच त्याला सहन होईना. तो चालत जाऊन जीपच्या पुढ्यात उभा राहिला.

"बंद करा शेठ," तो म्हणाला. "नट आवळले का नाय, मला कळत नाय. माजा हात गेलाय."

इंजिन थांबलं. स्टिअरिंगवरचे हात काढून शेठ म्हणाला, त्यात काय एवढं, बळवंतला बोलावून आणू. आवाज मवाळ होता, म्हणूनच देवूला तो जास्त लागला.

जिवली खाली उतरली. "बळवंत पाइप लावंल," ती म्हणाली. तिनं पदर खोचला, देवूच्या गोणपाटावर उताणी झाली आणि गाडीखाली सरकली. "या आत. मी ओढतंय. कवा थांबायचं तेवढं तुमी सांगा."

गाडी हलकी करायला बाकीच्या उतरू लागल्या, तसं ओझं कमी होऊ नये म्हणून देवूनं त्यांना बसवून ठेवलं. जिवलीची जागा तेवढी रिकामी राहिली. कृष्णकांतशेठ पुढून उठून आला आणि धोतर सावरत, ओल्या टोपल्यांमध्ये, त्या जागेवर बसला.

देवूनं डाव्या हाताची बोटं नटावर ठेवली. जिवलीनं दोन्ही हातांनी पाना ओढला. होड्यांचे दोर ओढलेले हात ते. नट सहज फिरला, बराच फिरला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कप फुटला तवाच समजलेलं मला," जिवली हळू म्हणाली.

"मग बोलली का नायस?"

"तुमी सांगाल म्हटलं."

ती ओढत राहिली. देवूच्या बोटांखाली नटानं जागा धरली. "बस," तो म्हणाला, आणि ती तिथंच थांबली. असे एकेक करून सगळे झाले. देवूला फार वाईट वाटत होतं, आणि तिच्या खांद्याला खांदा लावून तिथं पडून राहणं बरंही वाटत होतं.

बाहेर आल्यावर जिवलीनं रॉकेलनं हात पुसले, मग साबणानं धुतले. आज तुझं पापलेट स्टोव्हवर न ठेवताच पेटंल, असं जमुना म्हणाली आणि बायका पुन्हा बोलत्या झाल्या. देवूनं शेठला समजावलं, की नवे पाटे एकदा ओझ्यानं बसले की यू-बोल्ट परत आवळावे लागतात. उद्या बळवंतकडे न्या, पाइप लावू देऊ नका, आणि या सगळ्या आत बसलेल्या पाहिजेत. तू येशील ना तिथं, असं शेठनं विचारलं. देवूनं होकाराची मान हलवली. गाडी गेली.

तो पाने पुसत बसला होता, तेवढ्यात तारापूरच्या कामावरचा एक ट्रक शेडसमोर वळून आत शिरला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "मिस्त्री, पीछे का कमानी देखना है."

देवू सवयीनं उठला, वाकला. वरची पट्टी तडकली होती, तेही त्याला लगेच दिसलं.

"पट्टी फटी है," तो म्हणाला. "आगे नाके पे जाओ. बळवंत मिस्त्री. अच्छा काम करता है."

"क्यों, आप नहीं करते?"

"नहीं."

ड्रायव्हरनं ट्रक मागे घ्यायला सुरुवात केली. तिथं वळायला जागा कमी होती आणि कडेला गटार होतं. देवू मागे जाऊन उभा राहिला. सकाळच्या ओढाओढीनं उजवा हात आता कमरेच्या वर जाईना, तेव्हा त्यानं डावा वर केला आणि "आने दो, आने दो" करत, ट्रक नीट रस्त्याला लागेपर्यंत तो हात दाखवत राहिला.