मी, गुलमंडीत जेवून आलेला डबा

“काका, तुम्ही स्वतः कुठं जेवता?”

छत्रपती संभाजीनगरच्या एका लॉजच्या टेबलापाशी उभं राहून सावनीनं हा प्रश्न विचारला आणि तिच्या बाबांना एकदम खोकलाच आला. तिकडं आमच्या गावी, कन्नडला, तिच्या मैत्रिणींनी पैज लावली होती. “शहरात जाऊन अनोळखी माणसाला हे विचारून दाखव!” मोनाली म्हणाली होती. “तू? तू तर एसटीत कंडक्टरला गाडी कुठं थांबते तेही विचारत नाहीस!” पण ती जुनी सावनी. नववीत शाळेच्या खो-खोच्या संघात आल्यापासून पोरीचा आवाज असा काही मोकळा झालाय की विचारू नका.

मित्रांनो, हे सगळं मी त्याच टेबलावर बसून पाहिलं. मी एक जुना डबा आहे. स्टीलचा, तीन पुडांचा, वरून खटक्यानं बंद होणारा. म्हातारा म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण बिचारा म्हणू नका. मी रडगाणं गायला आलेलो नाही. मी आज भांडायला आलोय!

माझा जन्म कारखान्यातला. आधी नुसता पत्रा होतो, यंत्रानं दाबलं, आणि झालो गोल. तिथून थेट याच शहराच्या गुलमंडी बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात. सावनीच्या आजीनं, भानुमतीबाईंनी, मला तिथं उचललं, बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला आणि दुकानदाराला म्हणाल्या, “नाव घाला.” टर्रर्र करत माझ्या पोटावर त्यांचं नाव कोरलं गेलं. गुदगुल्या झाल्या, पण मी हललो नाही. घरी आल्यावर त्यांनी माझ्यासाठी एक नियम केला. घराबाहेर पाय टाकला की जेवण याच डब्यातलं, आणि या डब्यात बाहेरचं काही पडायचं नाही.

त्या काळी तो नियम शहाणपणाचाच होता. लांबचा प्रवास, वाटेत धड पाणी मिळायचं नाही. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची फोड. माझं झाकण उघडलं की गाडीतली शेजारची माणसंसुद्धा वळून बघायची. “वा, काय वास आहे!” हे ऐकलं की मी आणखी चमकायचो. नाशिक, तुळजापूर, वेरूळ, शेगाव, सगळीकडं मी फिरलोय.

पण खरं सांगू? मी इतकी गावं फिरलो आणि एकाही गावाची चव मला माहीत नाही. बाजूला कढईत काहीतरी चुर्र करायचं, फोडणीचा वास यायचा, आणि बाबा मला मांडीवर घेऊन म्हणायचे, “आपला डबा आहे ना!” जणू मीच दारात आडवा झोपलोय! आजी गेल्या, रस्ते सुधारले, घरोघरी फोन आले, पण नियम तसाच राहिला. आणि दोष कुणाच्या नावावर? माझ्या. मला विचारलं होतं का कुणी? नाय! कुण्णीच नाय!

तर, लॉजचे रामकिसन काका. प्रश्न ऐकून त्यांनी चष्मा वर केला.

“मी व्हय? मी तर घरून डबा आणतो की, बाळा.”

बाबांचा खोकला क्षणात पळाला. “बघ! शहरातली माणसंसुद्धा डबाच खातात.”

माझी मान ताठ व्हायला हवी होती. पण मला आतून पोकळ वाटलं. सावनी मात्र हलली नाही. टेबलावर दोन्ही कोपरं टेकवून तिनं पुढचा प्रश्न टाकला, “आणि ज्या दिवशी डबा नसतो, त्या दिवशी?”

रामकिसन काकांचा चेहरा असा खुलला, असा खुलला! इकडंतिकडं बघून ते हळूच म्हणाले, “मग गुलमंडीच्या मागच्या गल्लीत गोजरबाईकडं. भाकरी अन् शेवभाजी. लई भारी. पण आमच्या घरी सांगू नका.”

“बाबा, जायचं?”

“डबा भरलेला आहे. आधी तो संपवायचा.”

झालं. त्या रात्री लॉजच्या पलंगावर वर्तमानपत्र पसरून दशम्या. दुसऱ्या दिवशी पाणचक्की बघून झाली, बाहेर झाडाखाली बसले, परत दशम्या. एव्हाना त्या चिवट झाल्या होत्या. मी उघडा पडून तिघांकडं बघत होतो.

“तू घे,” आई बाबांना म्हणाली.

“मला भूक नाही. सावनी, तू घे.”

“मलाही नको. आई, तूच घे ना.”

त्यावर आई, मंजुषाताई, एकदम बोलली. ती सहसा बोलत नाही. “देवेश, या दोन दिवसांसाठी मी काल पहाटे उठून एवढ्या दशम्या लाटल्या. प्रत्येक सहलीला लाटते. माझी सहल ओट्यापासून सुरू होते आणि ओट्यापाशीच संपते. मला एकदा तरी कुणीतरी वाढलेलं गरम खायचंय.”

बाबांनी मला हळूच सावनीकडं सरकवलं.

सावनीनं मला उचललं, दशम्या वरच्या पुडात दाबल्या, खालचे दोन पूड नळावर खळखळून धुतले आणि चालायला लागली. “रिक्षा!” केवढ्यानं ओरडली! खो-खोत अशी ओरडली असती तर समोरचा संघ पळूनच गेला असता.

गोजरबाईंचं हॉटेल म्हणजे पत्र्याचं छत, दोन बाकडी आणि एक भलामोठा तवा. फोनवर शोधलं असतं तर सापडलं नसतं. भिंतीवर पाटी होती, ‘बाहेरचे पदार्थ खाऊ नयेत’. ती वाचून बाबांनी घाईघाईनं मला पाठीमागं लपवलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी लाज बाळगली! मी मुद्दाम खटका वाजवला. खट्ट!

“काय लपवताय, भाऊ?” गोजरबाईंनी विचारलं.

“नाही, ते... दशम्या आहेत. कालच्या. टाकवत नाहीत.”

“टाकायच्या कशापायी? आणा इकडं!”

त्यांनी माझं झाकण उघडलं, दशम्या चुरल्या, तव्यावर तेल, मोहरी, कांदा, हिरवी मिरची. बघता बघता गरमागरम कुस्करा! सोबत लालभडक शेवभाजी आणि फुगलेली भाकरी. “ती पाटी वेफर-बिस्किटं खाणाऱ्यांसाठी हाय,” त्या म्हणाल्या. “दशमीला नाय.”

पहिलं ताट त्यांनी मंजुषाताईंपुढं ठेवलं. “बसा, ताई. उठायचं नाय. काय लागंल ते मी आणते.”

आईनं घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. “तिखट आहे,” ती म्हणाली, आणि आणखी एक भाकरी मागितली. बाबांनी आधी फक्त चव घेतली. मग चव घेता घेता वाटी रिकामी झाली. मग नाक पुसत त्यांनी काय विचारावं?

“बाई, तुम्ही स्वतः कुठं जेवता?”

सावनी बाकड्यावरून पडायचीच राहिली.

“मी? समोर त्या कचरूकडं. रोज आपल्याच हातचं कोण खाईल, भाऊ?”

आणि मित्रांनो, बाबा स्वतः उठून समोर गेले. माझे धुतलेले दोन पूड घेऊन! एकात भजी आली, दुसऱ्यात पाकात न्हालेल्या गरम इमरत्या. माझ्या पोटात बाहेरचा पदार्थ! मला वाटलं होतं, मी बाटेन, वितळेन, निदान भानुमतीबाईंचं नाव तरी पुसलं जाईल. काही नाही झालं. नाव जागच्या जागी आहे. फक्त त्यावर थोडा पाक लागलाय. त्या असत्या तर त्यांनी तो बोटानं चाखून बघितला असता, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून सांगतो. मला राखेनं घासा, साबणानं घासा, माझा वाकडा खटका सरळ करा, मला माळ्यावर फेकू नका. पण माझी भिंतही करू नका. मी डबा आहे. भरण्यासाठी जन्मलोय, अडवण्यासाठी नाही! आणि नव्या गावात गेलात तर लाजू नका. तिथल्या माणसाला विचारा. तो एकदा नाही म्हणाला, तर दुसऱ्यांदा विचारा.

परतीच्या एसटीत मी सावनीच्या मांडीवर होतो. जड, कोमट आणि चिकट. आई खिडकीला डोकं टेकून बसली होती. बाबा, कुणाचं लक्ष नाही असं बघून, माझं झाकण हळूच उघडत होते. सावनीनं त्यांच्या हातावर चापट मारली आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“आई, बाबा, ऐका, मी ठरवलंय. यापुढं आपण कुठंही गेलो तरी आई पहाटे उठणार नाही. डबा घरून रिकामा निघेल. आणि तो कुठं भरायचा, ते मी विचारीन!”