‘स’ कुठून आला

प्रेमिला कटरेंना संशय घ्यायची सवय होती आणि त्या सवयीचा त्यांना थोडा अभिमानही होता. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं भोळं असू नये, असं त्यांचं मत. फुलचूरच्या घरी दूधवाल्याच्या मापापासून नवऱ्याच्या ‘आलोच पाच मिनिटांत’पर्यंत त्या काहीही तपासल्याशिवाय खरं मानत नसत. गोंदियातल्या त्यांच्या कॉलेजात पोरं त्यांना मागून ‘सीबीआय’ म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

तर ऑक्टोबरच्या अंतर्गत परीक्षेचे पेपर तपासताना फुलवंता टेकामचा पेपर हाती आला आणि त्यांचा लाल पेन जागच्या जागी थांबला.

तिसरा प्रश्न सत्यवृक्षाचा होता. विधानं एकाखाली एक मांडायची, फांद्या फोडत खाली यायचं आणि एखाद्या फांदीवर एकमेकांना खोडणाऱ्या दोन गोष्टी आल्या की फुली मारून ती बंद करायची. ‘प्रत्येक जण’ असं विधान असेल तर ते फांदीवरच्या सगळ्या नावांना लावायचं. ‘कोणीतरी’ असं असेल तर मात्र नवंकोरं नाव घ्यायचं, फांदीवर आधी येऊन गेलेलं चालत नाही. कोणीतरी कोंबडी चोरली एवढंच ठाऊक असताना शेजाऱ्याचं नाव लावायचा अधिकार तर्कशास्त्र देत नाही, हे वाक्य बाई दर वर्षी वर्गात म्हणत आणि पोरं दर वर्षी हसत.

आता गंमत अशी, की ही चूक खुद्द बाईंनीच नमुना उत्तरात केली होती. ते उत्तर त्यांनी घाईघाईत आपल्या जुन्या टिपणातून उतरवलं होतं. एक ‘कोणीतरी’ उघडताना ‘स’ हे नाव घेतलं आणि दुसरं ‘कोणीतरी’ उघडताना पुन्हा ‘स’च. झालं, फांदी नको तिथं बंद पडली. पहिला पेपर तपासतानाच चूक ध्यानात आली. बाईंनी इकडंतिकडं बघून नवं उत्तर लिहिलं आणि जुना कागद फाडून टाकला. पण त्याआधी आठवडाभर तो विभागाच्या कपाटात पडून होता.

आणि फुलवंताच्या पेपरात तीच चूक होती, त्याच ओळीवर. सगळा वर्ग अ, ब, क अशी नावं घेतो. हिनं घेतलं होतं ‘स’.

“कुठंतरी पाणी मुरतंय,” बाई स्वतःशीच म्हणाल्या.

पाणी कुठं मुरतंय ते शोधायला त्यांना फार वेळ लागला नाही. फुलवंता सालेकशाच्या पलीकडच्या जंगलातल्या गावाहून यायची. तिची गाडी कॉलेजच्या दोन तास आधी गोंदियात पोचायची. मग शिपाई श्यामलाल तिला विभागाच्या खोलीत बसू द्यायचा. आणि कपाटाची किल्ली कोणाकडं? श्यामलालकडंच! आणखी काय पुरावा हवा?

पुढचे दोन दिवस बाईंनी दोघांवर नजर ठेवली. श्यामलालनं पोरीला चहा दिला, तेव्हा दोघांचं संगनमत पक्कं झालं. बाईंना बघून पोरीनं वही मिटली, म्हणजे चोराच्या मनात चांदणं. दुसऱ्या दिवशी तिनं वही न मिटता नमस्कार केला, तर तो शिरजोरपणा. पोरगी काही करो, बाईंच्या खात्यात ती चोरच जमा होत होती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी प्राचार्य दुर्गाप्रसादांकडं लेखी तक्रार दिली. प्राचार्यांनी ती दोनदा वाचली.

“मॅडम, पक्का है ना? लडकी का साल जाएगा.”

“पक्कं आहे, सर.”

फुलवंताला विचारलं तर तिनं “मी नाही पाहिला कागद” एवढंच सांगितलं. प्राचार्यांनी शनिवारी बारा वाजता चौकशी ठेवली आणि तिच्या बापाला बोलावणं धाडलं.

शनिवारी बुधराम टेकाम लेकीसोबत सकाळच्याच गाडीनं आला आणि प्राचार्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिला. बाईंना वाटलं, चौकशीआधी पोरीनं कबूल केलं तर बरं. त्यांनी तिला विभागाच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“एकच सांग. हा ‘स’ कुठून आला?”

“तुम्हीच त देल्ला, मॅडम.”

“मी? कधी?”

“पोळ्याच्या पाडव्याले. सारे आपापल्या गावात होते, वर्गात मी एकलीच. तुम्ही म्हटलं, फळा राहू दे, वही आण इकडे.”

फुलवंतानं पिशवीतून वही काढली, पान उघडलं आणि टेबलावर ठेवलं. पान लाल शाईनं भरलं होतं आणि अक्षर बाईंचं होतं. वर तारीख होती. मधोमध दोन्ही ‘कोणीतरी’साठी ‘स’च होता आणि बाजूला बाईंनीच लिहिलं होतं, ‘स म्हणजे सालेकशाचा कोणीतरी’.

तेव्हा त्यांना सगळं आठवलं. रिकामा वर्ग, पहिल्या बाकावर एकटी पोरगी. नाव कोणाचं घेऊ म्हणून आपण तिला विचारलं होतं आणि ती लाजून हसली होती. घरी जाऊन हेच उदाहरण आपण आपल्या वहीत टिपून ठेवलं होतं. तेच ते जुनं टिपण.

“मले तवाच वाटलं होतं का हे चुकून राहिलं,” फुलवंता म्हणाली. “‘स’ त आधीच येऊन गेला होता.”

“मंग इचारलं काऊन नाही?” बाईंच्या तोंडून कित्येक वर्षांनी गावची बोली निसटली.

“इचाराले आली होती. दुसऱ्या दिवशी, व्हरांड्यात. तुम्ही म्हटलं, कोणत्या वर्गातली गं तू?” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, गाडीची वेळ सांगावी तसं ती सांगत होती. “मंग परीक्षेत तुमचंच लिवलं. तपासणार त तुम्हीच होत्या.”

बाईंना लाज वाटली, इतकी की तिच्याकडं बघवेना. पोळ्याच्या पाडव्याला, घरात सण असताना, ही एकटी पोरगी गाडी धरून आपल्या तासाला आली होती आणि आपण चोवीस तासांत तिचा चेहरा विसरलो होतो. तोच चेहरा चोराच्या जागी बसवायला मात्र आपल्याला दोन दिवसही लागले नाहीत.

त्या तशाच प्राचार्यांकडं गेल्या. तक्रार परत घेतली आणि चूक आपली होती असं खाली लिहून सही केली. दुर्गाप्रसादांनी चष्म्यावरून त्यांच्याकडं पाहिलं.

“अच्छा हुआ. बाहर उसका बाप बैठा है. उसको भी आप ही बता दीजिए.”

बाई बाहेर आल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत बुधराम उठून उभा राहिला आणि त्यानं हात जोडले.

“बाई, पोरीनं केलं असन त एक डाव माफ करा. मी काल रातभर समजावलं तिले, कबूल करून टाक म्हणून.”

“तिनं काही केलं नाही, दादा. चोरी झालीच नाही. चूक माझी होती.”

बुधराम कसनुसा हसला. “तुमची कशी होईन, बाई? तुम्ही शिकवणाऱ्या. तुम्ही तिले पदरात घेऊन राहिल्या, समजते मले.”

“नाही हो. खरंच माझी चूक होती,” बाई मोठ्यानं म्हणाल्या. इतक्या मोठ्यानं की चहाचा ट्रे घेऊन चाललेला श्यामलाल थबकला आणि व्हरांड्यातली पोरं वळून बघायला लागली. “तुमची पोरगी खरी आहे.”

विभागाच्या दारात फुलवंता उभी होती. तिनं बापाचं सगळं ऐकलं होतं.

“मी तेच सांगून राहिली होती, बाबा,” ती म्हणाली. “रातभर.”

बुधरामचे हात हळूहळू खाली आले. तो काहीतरी बोलणार होता, पण फुलवंतानं पिशवी खांद्याला लावली आणि त्या दोघांच्या मधून वाट काढत ती जिना उतरून गेली. बाप तिच्यामागं निघाला. स्टेशनच्या रस्त्यावर तो तिच्या दहा पावलं मागं चालत होता, आणि तिनं एकदाही वळून पाहिलं नाही.