शून्याखालची माणसं

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, पण माझ्यात गृहपाठ नाही की गोष्टी नाहीत. माझगावला जहाजं दुरुस्त करणारी एक कंपनी आहे. तिथल्या मोठ्या संगणकाचं कोणतं काम कधी चालवायचं आणि ते मध्येच बंद पडलं तर काय करायचं, एवढंच माझ्यात लिहिलेलं असतं.

भायखळ्याच्या एका बाइंडरने मला लाल कापडात बांधलं. घोडपदेवला राहणारे गंगाधर पालव तेव्हा मशीन रूममध्ये ऑपरेटर होते. त्यांचं अक्षर असं, की बघत राहावं. पहिली पानं त्यांनी मन लावून भरली, कारण मध्येच थांबलेलं काम पुन्हा सुरू करणं सोपं नसतं. असं समजा, आईने कणकेत मीठ घातलं आणि दाराची बेल वाजली. परत येऊन तिने पहिल्यापासून सुरुवात केली, तर मीठ दोनदा पडेल. संगणकाच्या कामांनाही अशाच पायऱ्या असतात. कुठे थांबलो हे ठाऊक असावं लागतं.

पुढे मात्र पालवांचा हात आखडला. सगळं तोंडपाठ होतं ना! 'बंद पडल्यास काय करावे' या रकान्यात ते एकच शब्द लिहू लागले: नेहमीप्रमाणे. त्रेचाळीस कामांपुढे तो शब्द आहे. तपासणीला येणारे साहेब पानं उलटायचे, एकही रकाना रिकामा नाही म्हणून खूश व्हायचे आणि सही करून जायचे. मलाही फार अभिमान वाटायचा.

पालव निवृत्त झाले. माझ्यातला मजकूर कुणीतरी संगणकात उतरवला. 'नेहमीप्रमाणे' त्रेचाळीस वेळा टाइप केलं आणि एकदाही थांबून विचारलं नाही, की म्हणजे काय. मग मी कपाटावर गेले आणि पाण्याच्या बाटल्यांखालची चटई झाले.

ती दुपार मात्र मी विसरणार नाही.

त्या दिवशी एका जहाजाच्या पोटातली टाकी आतून झटपट वाळणाऱ्या रंगाने रंगवत होते. टाकी म्हणजे लोखंडी अंधारी खोली, वर एक झाकण, आत उतरायला शिडी. रंगाऱ्यांनी आत जाताना आणि बाहेर येताना झाकणापाशीच्या यंत्राला कार्ड लावायचं. रंगकाम आटोपल्यावर संगणक आत गेलेल्यांतून बाहेर आलेले वजा करायचा आणि कागद छापायचा. त्यावर शून्य आलं, की झाकण लावून, टाकी गळते का ते बघायला, तिच्यात पाणी सोडायचं. पूर्वी मुकादम शिडीवरून एकेकाचं नाव पुकारायचा. कागद येऊ लागला तसं ते बंद पडलं.

सव्वाचारला वीज क्षणभर गेली आणि ते काम छपाईच्या पायरीवर अडकलं. प्रफुल्ल नावाचा ऑपरेटर ड्युटीवर होता. त्याने पडद्यावरच्या सूचना उघडल्या, 'नेहमीप्रमाणे' वाचलं आणि काम पहिल्यापासून चालवलं. दोन मिनिटांत कागद आला. आत माणसं: शून्य.

शिफ्टप्रमुख सुनेत्राने तो हातात घेतला आणि तिची नजर पडद्यावर गेली. तेच काम दोनदा दिसत होतं. तिने विचारलं, तर प्रफुल्ल म्हणाला, "मॅडम, अटकलं होतं, परत मारलं. झालं की. झीरो आलाय."

तिचं समाधान झालं नाही. तिने मला कपाटावरून ओढलं, बाटल्या गडगडल्या. पान उघडलं, तर तिथेही तोच शब्द. मला बोलता येत नाही, मित्रांनो. त्या क्षणी मला माझी सगळी सुबक अक्षरं नकोशी झाली.

तिने पालवांना घरी फोन लावला. काय झालं ते सांगितलं आणि पडद्यावरच्या कार्डांच्या नोंदी वाचून दाखवल्या; पालव पलीकडे मोजत गेले.

"वरपासून चालवलात? अगो बाय, वजाबाकी दोनदा झाली ती. बारा गेले, अकरा आले, एक उरला. त्यातून परत अकरा गेले."

"मग शून्य कसं आलं, काका?"

"शून्याखालची माणसं त्याला छापता येत नाहीत. तो शून्यच छापतो. पाणी थांबव आधी."

गोदीत झाकण बसलं होतं, पाण्याचा पाइप जोडून झाला होता. सुनेत्राचा फोन आल्यावर मुकादमाने झाकण काढलं. टाकीच्या पार टोकाला बाबुराव रंगारी भिंतीला टेकून बसलेला सापडला. ब्रश आणायला तो मागे फिरला होता आणि रंगाच्या वासाने त्याला भोवळ आली होती.

वर आल्यावर त्याने चहा घेतला नाही. आधी मुकादमाला विचारलं, दुसऱ्यांदा आत कोण उतरलं होतं? कोणीच नाही, मुकादम म्हणाला.

"असं कसं? आमचे सगळे वर गेले, ते मी ऐकलं. मग थोड्या वेळाने परत वर गेले. तीच पावलं, तीच शिडी. मोजली मी. अकरा. हाका मारल्या, एकाने वळून बघितलं नाही."

वास डोक्यात गेला असेल, असं सगळे म्हणाले. मला काखेत घेऊन धावत आलेल्या सुनेत्राने विचारलं, ती दुसऱ्यांदाची पावलं किती वाजता ऐकली? त्याच्याकडे घड्याळ नव्हतं, म्हणून तिने पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून पालव मशीन रूममध्ये येऊन बसू लागले. ते सांगतात, सुनेत्रा माझ्यात लिहिते, आणि प्रफुल्ल दर वाक्याला विचारतो, "म्हणजे नक्की काय, काका?" पालव चिडत नाहीत. मुकादम पुन्हा नावं पुकारू लागला आहे, कागदावर शून्य असलं तरी.

मित्रांनो, काम अर्धं सोडून उठलात, तर कुठे थांबलात ते लिहून ठेवा. तुमच्यामागून येणाऱ्याला तुमच्या डोक्यातलं वाचता येत नाही.

एकोणचाळीस कामं लिहून झाली. उरलेली चार कशासाठी आहेत, हे आता पालवांनाही आठवत नाही. त्यांच्यापुढचा शब्द सुनेत्राने खोडला आणि रकाना कोरा ठेवला. ती चार कामं रोज चालतात. अजून एकदाही मध्येच थांबलेली नाहीत.