पाच कुणीकडे जातो

फळ्यावर तीन आणि पाच यांच्यामध्ये खडूचा एक ठिपका होता, तिळाएवढा, आणि तो आपणच टेकवला हे दिनकररावांना बऱ्याच वेळानं कळलं – म्हणजे समोरच्या तिसरीच्या पोरांनी पाट्या वर केल्या आणि सगळ्या पाट्यांवर पस्तीस दिसले तेव्हा. त्यांनी लिहायला घेतलं होतं तीनशे पाच. हात परभणीच्या उर्दू शाळेत घडलेला; तिथं इकाई, दहाई, सैकडा, आणि तिथलं शून्य म्हणजे नुसता ठिपका. निजामाचं राज्य गेलं, हैदराबाद राज्य मोडून आम्ही मुंबई राज्यात आलो, पुस्तकं बदलली, एकक-दशक-शतक तोंडात बसलं. पण मन थाऱ्यावर नसलं की हात जुन्या सवयीनं ठिपका देऊन मोकळा होतो. पोरांनी तो डाग समजून सोडून दिला होता.

मन थाऱ्यावर नव्हतं ते आश्रुबामुळे. आश्रुबाचं शेत शाळेला लागून. काल तो पिंगळीला पाहुण्यांकडे जाऊन आला आणि आज सकाळी ताकाचा तांब्या ओट्यावर ठेवता ठेवता म्हणाला, “गुरजी, तुमच्या सासुरवाडीत गेलतो. किशनरावाला येलदरीला धरणावर काम लागलंय. उद्या बिऱ्हाड घेऊन जायलेत सगळे, बाई बी संगंच. त्यो म्हणायलाय, मूळच येईना, तर बहिणीला आमी कुटवर बसवून ठिवावं.” मग उगाच तांब्या इकडचा तिकडे करत, “अन् बाईनं इचारलं… दांडीवरचं लुगडं काढून ठिवलं का म्हणून.”

बघतो, एवढंच दिनकरराव म्हणाले. काय बघतो, देव जाणे.

बाळंतपणाला माहेरी गेलेल्या सुनेला न्यायला सासरचं माणूस मूळ म्हणून जातं – सासू, दीर, नणंद, कुणीतरी. नवऱ्यानं स्वतः जायचं नसतं, जग हसतं. आणि ती आपली आपण आली तर तिला हसतं. पण माझ्याकडे आहे कोण? आई नाही, भाऊ नाही, ताडकळसच्या पुढच्या या गावात बदलीनं आलेलो, ना गोताचं कुणी ना ओळखीचं… मूल जन्मतःच गेलं तेव्हा मी पिंगळीला गेलो होतो, दुखवट्याला चालतं म्हणून. ओसरीवर बसलो. कमल आत होती, मधे एक भिंत. ती आतून काही बोलेल असं वाटत होतं. तिलाही माझ्याबद्दल तेच वाटत असेल. चहा आला, तो प्यालो, आणि संध्याकाळच्या गाडीनं परतलो. त्यानंतर भाकरी थापायला शिकलो. संध्याकाळी बोलायला कुणी नसतं, ते मात्र अंगवळणी पडलं नाही. कधी कधी उद्याचा धडा मोठ्यानं म्हणतो, घरात आवाज व्हावा म्हणून.

पोरं पाट्या धरून हात अवघडून बसली होती. दिनकररावांनी कोपऱ्यातल्या कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या ओढल्या. दहा काड्यांची जुडी, दहा जुड्यांचा भारा. हे काम पोरांनीच दिवाळीनंतर सुतळीनं बांधून केलेलं. तीन भारे ठेवले, पाच सुट्या काड्या ठेवल्या, आणि मधे हात फिरवून मोकळी जमीन दाखवली. इथं जुडी एकही नाही, पण म्हणून ही जागा मिटवायची नाही. मिटवली की भारे सरकून जुड्यांच्या जागी येऊन बसतात, तीनशेचे तीस होतात. कुणी नसलं तरी जागा धरून ठेवायची… बोलता बोलता त्यांना दांडीवरचं हिरवं लुगडं दिसू लागलं. ती निघाली त्या दिवशी वाळत टाकलेलं, आजवर तसंच. त्याला बोट लावलं नाही. हे आश्रुबाला सांगायचं सोडून मी बघतो म्हणालो. तिला वाटेल, काढून टाकलं.

त्यांनी ठिपका पुसला आणि चांगलं ठळक, वाटोळं शून्य काढलं.

मग अंगणात खेळ. मातीत लांब रेघ ओढली, एका टोकाला तीस, दुसऱ्याला चाळीस, मधल्या खुणांवर एकेक पोर. जवळचा दहा गाठायचा. तेहतीसवर उभा असलेला मुंजाजी पळत तिसाकडे गेला, सदतीस चाळिसाकडे. पस्तीसवर दैवशाला होती. ती हलली नाही.

“गुरजी, मी कुणीकडं जाऊ?”

चाळिसाकडे, त्यांनी सांगितलं. तिनं दोन्ही बाजू न्याहाळल्या, दोन्हीकडे सारखंच आहे की, म्हणाली. आहेच सारखं, पण पाच आला की पुढं जायचं. का? तसं ठरलंय. कुणी ठरवलं? याचं उत्तर दिनकररावांच्या पुस्तकात नव्हतं. कुणीतरी ठरवलं असेल, नाहीतर मधला मधेच राहिला असता.

दैवशालाची थोरली बहीण पंचमीपासून माहेरी बसलेली, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. म्हणून असेल, तिनं अगदी मनापासून विचारलं, “मंग चाळीस न्यायला येतोय का गुरजी, का आपलं आपणच जायाचं?”

पोरं खो खो हसली. दिनकरराव हसले नाहीत. “आपलं आपण जायचं,” ते म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. दैवशाला दचकून पळालीसुद्धा.

शाळा सुटली. घरी येऊन त्यांनी चूल पेटवली नाही. दांडीखाली उभे राहिले. उन्हाची तिरीप लुगड्यावर होती, वरच्या घडीवर धूळ बसलेली. ताडकळसच्या बाजाराहून परतणारी गाडी पिंगळीच्या फाट्याला सोडील… उजेड आहे तोवर निघावं लागेल. आणि जाऊन म्हणू काय? मूळ म्हणून आलो, असं म्हणवणार नाही. किशनराव हसेल, शेजारीपाजारी हसतील, ओसरीवर पुन्हा चहा येईल आणि आत पुन्हा ती भिंत.

निदान घडी तरी घालू, म्हणून त्यांनी लुगडं प्रथमच खाली ओढलं. नऊ वार. एक टोक हातात घेतलं तर दुसरं जमिनीवर लोळू लागलं. ते उचललं तर पहिलं सुटलं. हनुवटीखाली धरून पाहिलं, गुडघ्यानं दाबून पाहिलं. कमल नेहमी हाक मारायची – अहो, जरा टोक धरा. ते पुस्तक खाली न ठेवता एका हातानं धरायचे, आणि ती घडी घालत घालत जवळ येत जायची, शेवटच्या घडीला अगदी समोर.

एकट्याला जमत नाही हे, तिला सांगता येईल. दुसरं काही नाही सुचलं तरी एवढं तरी सांगता येईल, ओसरीवरून नव्हे, आत जाऊन. दिनकरराव ते वाक्य मनात म्हणून पाहू लागले, मग मोठ्यानं, रिकाम्या घरात. लुगड्याचं एक टोक हातात होतं, दुसरं उंबऱ्यापाशी पडलं होतं, आणि ते गोळा करायची त्यांना आता घाई वाटत नव्हती; घाई होती ती उजेड आहे तोवर गाडी गाठायची.